मेजर ध्यानचंद : दुखणे अंगावर काढणारा खेळाडू आणि अखेरचा आजार

जबलपूर, ३ डिसेंबर : हॉकीचे जादूगार म्हणून जगभर ओळखले गेलेले मेजर ध्यानचंद यांचा आज स्मृतिदिन. ३ डिसेंबर १९७९ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७४ वर्षांचे होते. त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, त्यांच्या नावे देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार दिला जातो. त्यांच्या अखेरच्या आजाराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

या घराण्याचा जबलपूरशी संबंध आहे तो त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांच्यामुळे. ८ सप्टेंबर १९०८ रोजी रूपसिंह यांचा जन्म येथे झाला. जबलपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होते आणि छावणीचे शहर म्हणून ओळखले जात होते. ध्यानचंद यांचा जन्म त्याआधी, २९ ऑगस्ट १९०५ रोजी, अलाहाबादचा. वडील सैन्यात असल्याने बिऱ्हाड एका गावी फार काळ टिकत नसे. या बदल्यांपायी ध्यानचंद यांचे शिक्षण सहा इयत्तांवर थांबले. पुढे कुटुंब झाशीत स्थिरावले. लहानपणी त्यांना ओढ होती ती कुस्तीची. हॉकी आयुष्यात आली ती १९२२ मध्ये शिपाई म्हणून सैन्यात भरती झाल्यानंतर.

मग प्रगती झपाट्याने झाली. १९२६ मध्ये भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि २१ पैकी १८ सामने जिंकून परतला. त्या दौऱ्यातील कामगिरीबद्दल ध्यानचंद यांना लान्सनायक पदावर बढती मिळाली. दोन वर्षांनी ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. ध्यानचंद यांचे १४ गोल होते. यजमान नेदरलँड्सविरुद्धचा अंतिम सामना ते आजारी असतानाही खेळले, हे विशेष. दुखणे अंगावर काढून मैदानात उतरणे ही त्या काळच्या सैनिक-खेळाडूची रीतच होती.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोघे बंधू एकत्र खेळले. अमेरिकेविरुद्ध भारताने २४-१ असा विजय मिळवला. त्यातील दहा गोल जबलपूरला जन्मलेल्या रूपसिंह यांचे, तर आठ ध्यानचंद यांचे. स्पर्धेतील भारताच्या एकूण ३५ गोलांपैकी २५ या दोघांच्या नावावर आहेत. थोरल्याच्या कीर्तीच्या छायेत धाकट्याचे मोठेपण काहीसे झाकले गेले, असे म्हणावे लागेल.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद कर्णधार होते. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते आणि तो पराभव त्यांना बोचत होता. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला अंतिम सामना १५ ऑगस्ट रोजी झाला. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत भारताकडे रूपसिंह यांच्या एकमेव गोलाची आघाडी होती. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले आणि खेळाचा वेग पालटला. जर्मन गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत त्यांचा दात पडला. उपचार घेऊन ते पुन्हा मैदानात आले. भारताने ८-१ अशी बाजी मारली. या सामन्यानंतर हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठे पद देऊ केल्याची कथा आजही आवडीने सांगितली जाते. तिच्याकडे दंतकथा म्हणूनच पाहणे योग्य.

महायुद्धामुळे पुढची दोन ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४८ च्या सुमारास ते महत्त्वाच्या सामन्यांतून निवृत्त झाले. १९५२ मध्ये ‘गोल’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये ते मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पद्मभूषणने सन्मानित झाले. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी प्रशिक्षकपद सांभाळले. अखेरची वर्षे झाशीत गेली. मोठे कुटुंब, मर्यादित उत्पन्न आणि विस्मरणात गेल्याची सल, असे ते दिवस होते. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे अशोककुमार हे त्यांचेच पुत्र. मात्र पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिरवळीवर भारत सातव्या क्रमांकावर घसरला. १६ डिसेंबर १९७७ रोजी ग्वाल्हेर येथे रूपसिंह यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ध्यानचंद दिल्लीच्या रुग्णालयात दाखल झाले. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या या खेळाडूला सर्वसाधारण वॉर्डात ठेवण्यात आले, याची खंत पुढे अनेकांनी व्यक्त केली आणि ती रास्तही होती. परंतु खोली कोणती मिळाली याहून मोठा प्रश्न या रोगाच्या स्वभावाचा आहे. यकृताची राखीव क्षमता मोठी असते. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते काम रेटत राहते. यकृताच्या आतील पेशींना वेदना जाणवत नाहीत. भूक मंदावणे, वजन घटणे, उजव्या बरगडीखाली जडपणा, कावीळ, पोटात पाणी होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा रोग पुढे गेलेला असतो. थकवा आणि दुखणे गिळण्याची सवय लागलेल्या शरीरात तर ती आणखी उशिरा ध्यानात येतात.

हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, मद्यपानामुळे किंवा इतर कारणांनी होणारा सिरोसिस, मधुमेह व स्थूलतेसोबत येणारे चरबीयुक्त यकृत, बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातील विष ही या कर्करोगाची प्रमुख कारणे मानली जातात. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे. ध्यानचंद यांच्या हयातीत यांपैकी फारच थोडे हाती होते. हिपॅटायटिस बीच्या लसीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८१ मध्ये, तर हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. आज पहिली लस नवजात बालकाला दिली जाते आणि दुसरा आजार बहुतांश रुग्णांत साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. सिरोसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, असा वैद्यकीय प्रघात आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत विषाणूजन्य हिपॅटायटिसची तपासणी व उपचार मोफत मिळतात.

उतारवयातील पुरुषांना गाठणारा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोगही असाच मूकपणे वाढू शकतो. पन्नाशीनंतर त्याचा धोका वाढत जातो. वडील किंवा भाऊ यांना तो झाला असल्यास अधिकच. लघवीचा त्रास वयाच्या खाती टाकून गप्प बसणारे पुरुष कमी नाहीत. कंबरदुखी किंवा हाडांचे दुखणे घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे येतो, तेव्हा रोग कधी कधी हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. पीएसए ही रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. तरुणपणी कमावलेले शरीर हा यातील कोणत्याही रोगाविरुद्धचा हमखास दाखला नव्हे.

ध्यानचंद यांचे पार्थिव दिल्लीहून झाशीला नेण्यात आले. ज्या हीरोज मैदानावर ते खेळले, तेथेच त्यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. १९८० मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्याच वर्षी २९ जुलै रोजी मॉस्को ऑलिंपिकमध्ये वासुदेवन भास्करन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने १६ वर्षांनंतर हॉकीचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. ध्यानचंद यांना जाऊन तेव्हा आठ महिने होत आले होते.