भोरसाहेबांच्या तातडीच्या दोन खाटा

‘भोर समिती’ हे नाव एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेसाठी घोकलेले असते. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, ते सर जोसेफ विल्यम भोर मात्र डॉक्टर नव्हते. ते सनदी अधिकारी होते. 1878 मध्ये नाशिकला जन्म, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि लंडनला, 1902 मध्ये आयसीएस. 1914 ते 1919 या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रेल्वे आणि व्यापार खाते त्यांच्याकडे आले. घरात डॉक्टर होत्या त्या त्यांच्या पत्नी, मार्गारेट.

निवृत्तीनंतर, ऑक्टोबर 1943 मध्ये, देशाच्या आरोग्याची पाहणी त्यांच्यावर सोपवली गेली. महायुद्ध सुरू होते, बंगालात लोक उपाशी मरत होते. 1946 साली आलेल्या चार खंडांच्या अहवालातले आकडे आजही अंगावर येतात. सरासरी आयुर्मान 27 वर्षे. हजार जन्मांमागे 162 बाळे वर्षाच्या आत दगावत. साधारण सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर, आणि तोही बहुधा शहरात. चार हजार लोकांत रुग्णालयाची जेमतेम एक खाट.

शहरात मोठी रुग्णालये बांधून हे भागणार नाही, हे भोरांनी ओळखले होते. कदाचित रेल्वे सांभाळल्यामुळे असेल, त्यांनी विचार केला तो जाळ्याचा. पहिल्या टप्प्यात 40 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे दोन डॉक्टर, बाळंतिणींसाठी दोन खाटा आणि तातडीच्या रुग्णांसाठी दोन. पुढच्या टप्प्यात 10 ते 20 हजार लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय. त्यावर 650 खाटांचे, आणि जिल्ह्याला 2500 खाटांचे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, ही या आराखड्याची पहिली अट होती. त्यासाठी सरकारी खर्चाचा 15 टक्के वाटा आरोग्याला द्यावा, असे समितीने सुचवले.

केंद्रे आली. 1952 पासून सामूहिक विकास कार्यक्रमातून ती उभी राहू लागली. निधीचे मात्र भोरांच्या मापाने कधीच जमले नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांपुढे ठेवलेले उद्दिष्टसुद्धा अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून अधिक, एवढेच आहे.

रत्नागिरीचाच हिशेब मांडून बघावा. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाखांवर. 20 हजारांमागे एक धरले तरी 75 खाटांची सुमारे 80 रुग्णालये होतात, म्हणजे तालुक्यांतूनच सहा हजार खाटा. आज प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळतात त्या सहा. मग भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण, महामार्गावरचा जखमी आणि चार दिवसांच्या तापाचा रुग्ण हे तिघेही जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात एकाच दारातून येतात. त्यातला तापाचा रुग्ण गावाजवळच बरा होऊ शकला असता. सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाची पहिली मात्रा तिथेच मिळाली, तर पुढचा घाटरस्ता त्याला झेपतो. भोरांच्या तातडीच्या दोन खाटा नेमक्या याचसाठी होत्या.

सर जोसेफ भोर 15 ऑगस्ट 1960 रोजी वारले. तोवर महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन साडेतीन महिने झाले होते, आणि नव्या राज्याच्या खेड्यापाड्यांत आरोग्य केंद्रांच्या इमारती नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या.