विश्लेषण : हॉस्पिस चांगले आहे हे ओळखायचे कसे? सिसिली सॉन्डर्स यांच्या आयुष्यात सापडणारी उत्तरे…

आता उपचारांचा उपयोग नाही, घरी घेऊन जा, असे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबाची खरी धावपळ सुरू होते. घरी वेदना आवरत नाहीत आणि रुग्णालय खाट द्यायला तयार नसते. मग कुणीतरी हॉस्पिसचे नाव सुचवते. तिथे गेल्यावर स्वच्छ फरशी, बाग, प्रसन्न भिंती दिसतात, माणसेही गोड बोलतात. पण ही जागा खरोखर चांगली आहे का, हे ठरवायचे कशावरून? बरे होणे हा रुग्णालयाचा निकष असतो. जिथे कुणी बरे होणारच नाही, तिथे दर्जा मोजायचा कसा? हा प्रश्न सर्वात गांभीर्याने विचारला तो आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रणेत्या डेम सिसिली सॉन्डर्स यांनी. त्यांच्या कामाचा प्रवास पाहिला की काय तपासायचे हेही कळत जाते.

परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर?

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे सुखवस्तू घरात झाला. ऑक्सफर्डमध्ये राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्राचे शिक्षण सुरू असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. शिक्षण अर्धवट सोडून त्या १९४० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल प्रशिक्षण शाळेत दाखल झाल्या. मुलीने परिचारिका होणे घरच्यांना पसंत नव्हते, पण त्यांना हेच काम मनापासून आवडले. दुर्दैवाने पाठीच्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली. रुग्णांना उचलणे, तासन् तास उभे राहणे अशक्य झाले. त्यामुळे ऑक्सफर्डला परतून त्यांनी पदवी पूर्ण केली आणि रुग्णालयातील समाजसेविकेचे प्रशिक्षण घेतले. आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्कर असतात, साधारण तसेच ते काम. रुग्णाच्या घरची स्थिती, पैसा, घरी गेल्यावर कोण सांभाळणार, हे पाहणे.

पुढे वयाच्या तिशीत त्या डॉक्टरही झाल्या. वरवर पाहता ही धरसोड वाटते. पण मरणाऱ्या माणसाकडे परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही बाजूंनी पाहिलेली व्यक्ती त्या काळात क्वचितच सापडली असती.

एका वेटरचे ५०० पौंड कशासाठी?

१९४७ मध्ये त्यांच्याकडे डेव्हिड तास्मा नावाचा रुग्ण आला. वॉर्सामधून आलेला पोलिश ज्यू निर्वासित, लंडनमध्ये वेटरचे काम करणारा. वय चाळिशीचे, कर्करोग शेवटच्या टप्प्यात आणि जवळचे म्हणावे असे कुणीही नाही. त्याला शारीरिक त्रास होताच, पण आपण काहीच न करता, कुणाच्याही लक्षात न राहता जाणार, ही बोच त्याहून मोठी होती. सॉन्डर्स त्याला रुग्णालयात भेटत राहिल्या. गजबजलेल्या वॉर्डात मरण्यापेक्षा वेगळी, शांत जागा कशी असू शकेल, याबद्दल दोघे बोलत. दोघांमध्ये जिव्हाळा निर्माण झाला. फेब्रुवारी १९४८ मध्ये तास्मा गेला. जाताना त्याने ५०० पौंड त्यांच्यासाठी ठेवले आणि त्या जे घर बांधतील त्यातली एक खिडकी आपण होऊ, अशी इच्छा सांगून ठेवली. त्या घराची तेव्हा जागा ठरली नव्हती की आराखडा. १९ वर्षांनी ते उभे राहिले, तेव्हा प्रवेशाजवळची एक साधी काच त्याच्या नावे राखली गेली.

या दरम्यान त्या लंडनच्या बेजवॉटर भागातील सेंट ल्यूक्स या मरणासन्न गरिबांसाठीच्या जुन्या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. वेदनाशामक औषध रुग्णाने मागितल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी दिले जात होते आणि तिथले रुग्ण इतर रुग्णालयांपेक्षा शांत होते. याच विषयावर पूर्णवेळ काम करायचे त्यांच्या मनात होते. त्या ज्यांच्याबरोबर काम करत, त्या शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना आधी डॉक्टर होण्याचा सल्ला दिला. मरणाऱ्या रुग्णाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच, त्यामुळे बाहेरच्या कुणाचे ते ऐकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सॉन्डर्स यांनी १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

घड्याळाप्रमाणे मॉर्फीन का?

पुढची सात वर्षे त्यांच्या कामाचा गाभा आहेत. १९५८ पासून त्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या संशोधन शिष्यवृत्तीवर पूर्व लंडनमधील हॅकनी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करू लागल्या. ही संस्था आयरिश जोगिणी चालवत. सेवाभाव भरपूर होता, पण वेदनेच्या उपचाराची शास्त्रीय पद्धत नव्हती.

त्या काळचा रिवाज असा होता : वेदना असह्य झाली की रुग्णाने हाक मारायची, मग परिचारिका डॉक्टरांचा आदेश तपासणार, कपाटाचे कुलूप उघडणार, इंजेक्शन देणार. तोवर रुग्ण तळमळत असे. औषध उतरले की पुन्हा तेच. मॉर्फीन जास्त दिले तर सवय लागेल, या भीतीने डोस लांबवले जात. गंमत अशी की पुढच्या डोसची आतुरतेने वाट पाहणारा रुग्ण पाहून सवय लागल्याची खात्री पटत असे. ती आतुरता औषधाची नव्हती, वेदनेची होती.

सॉन्डर्स यांनी क्रम उलटा केला. वेदना परत येण्याआधीच, साधारण दर चार तासांनी, शक्यतो तोंडावाटे, प्रत्येकाच्या गरजेनुसार ठरवलेला डोस. हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. टेपरेकॉर्डर घेऊन त्या खाटेशी बसत आणि रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगू देत. नोंदींतून दिसले की नियमित डोस मिळालेला रुग्ण गुंगीत पडून राहत नाही. तो बोलतो, जेवतो, पाहुण्यांना भेटतो. डोसही भीती होती तसा वाढतच जात नाही.

हॉस्पिस पाहायला जाणाऱ्याला पहिली खूण इथेच सापडते. वेदनाशामक कधी देता, हा प्रश्न विचारावा. दुखल्यावर देतो, असे उत्तर मिळाले तर ती संस्था १९५८ च्या आधीच्या काळात आहे, असे समजायला हरकत नाही. अचानक उसळणाऱ्या वेदनेसाठी वेगळा डोस लागतोच, पण तो नियमित औषधाच्या जोडीला. आणि रात्री दोन वाजता तो देण्याचा अधिकार तिथे हजर असलेल्या माणसाला आहे का, हेही विचारायला हवे.

‘टोटल पेन’ म्हणजे काय?

कुठे दुखते, असे विचारल्यावर एका रुग्ण महिलेने पाठीपासून सुरुवात केली आणि सांगता सांगता नवरा व मुलाची होणारी ओढाताण, पैशाची चिंता, आपल्याला कुणी समजून घेत नसल्याची भावना, सगळे त्याच उत्तरात आले. सॉन्डर्स यांनी याला ‘टोटल पेन’ असे नाव दिले. १९६० च्या दशकात मांडलेली ही संकल्पना आज जगभरच्या उपशामक उपचारांचा पाया आहे. शरीराची, मनाची, कुटुंबाची आणि आपल्या जगण्याला काही अर्थ होता का या प्रश्नाची वेदना एकमेकींत गुंतलेली असते. एकीला सोडून दुसरीवर औषध चालत नाही. मात्र त्यांनी क्रमही पाळला. आधी शारीरिक वेदना आटोक्यात आणायची, कारण कळवळणाऱ्या माणसाशी आयुष्याच्या अर्थावर बोलणे ही क्रूर चेष्टा आहे. काही संस्था भजन, प्रार्थना, समुपदेशन यांवर भर देतात आणि औषधाच्या कपाटात पॅरासिटामॉलपलीकडे फारसे काही नसते. त्यांची सेवा मनापासून असेल, पण अर्धीच.

सेंट क्रिस्टोफर्स वेगळे कसे ठरले?

वर्षानुवर्षे पैसा उभा करून जुलै १९६७ मध्ये लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. ५४ खाटा होत्या. खाटांबरोबरच तिथे संशोधन आणि प्रशिक्षण पहिल्यापासून होते. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होते, त्यामुळे आवारात लहान मुलांचा वावर असे. सॉन्डर्स स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होत्या, पण दार सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

१९६९ मध्ये पथके रुग्णांच्या घरी जाऊ लागली. बहुतेकांना शेवटचे दिवस घरीच हवे असतात आणि कित्येकदा खाट लागते ती केवळ आठवडाभर, वेदनेवरची औषधे बसवण्यासाठी. त्यामुळे खाटांची संख्या हा हॉस्पिसचा दर्जा सांगणारा आकडा नव्हे. घरी कोण येते, किती दिवसांनी येते आणि रात्री फोन कोण उचलते, याची उत्तरे जास्त उपयोगी आहेत.

स्वतःच्या संस्थेची परीक्षा कशी घेतली?

सॉन्डर्स यांच्या चरित्रातील हा भाग फारसा सांगितला जात नाही, पण तोच महत्त्वाचा आहे. सेंट क्रिस्टोफर्समध्ये सुरुवातीला डायमॉर्फीन, म्हणजे वैद्यकीय वापरातील हेरॉइन, अधिक चांगले मानले जाई. सॉन्डर्स यांचाही कल तिकडेच होता. १९७१ मध्ये आलेले तरुण संशोधक डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांना त्यांनी याचीच तपासणी करू दिली. तोंडावाटे नियमित दिल्यास दोन्ही औषधांत रुग्णाला जाणवेल असा फरक नसल्याचे निघाले आणि संस्थेने मॉर्फीन स्वीकारले. बहुतेक देशांत हेरॉइन औषध म्हणूनही मिळत नाही. त्यामुळे या एका निष्कर्षाने ही पद्धत ब्रिटनबाहेर नेण्याचा रस्ता मोकळा झाला. हेच ट्वायक्रॉस पुढे भारतात अनेकदा येऊन इथल्या डॉक्टरांना शिकवत राहिले.

दुसरी तपासणी अधिक अवघड होती. मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी मृत रुग्णांच्या पती-पत्नींच्या मुलाखती घेतल्या आणि इतर रुग्णालयांत मरण पावलेल्यांच्या जोडीदारांशी तुलना केली. सुरुवातीच्या अभ्यासात वेदनांबाबत सेंट क्रिस्टोफर्स सरस ठरले. दहा वर्षांनी तोच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा हा फरक जवळपास पुसला गेला होता, कारण दरम्यान इतर रुग्णालयेही वेदनाशमन शिकली होती. नातेवाईकांची चिंता कमी असणे आणि तिथे कुटुंबासारखे वाटणे, यात मात्र हॉस्पिस पुढे होते. एखाद्या संस्थेने स्वतःचे वेगळेपण ओसरल्याचे असे निष्कर्ष जगासमोर येऊ द्यावेत, ही फार मोठी गोष्ट आहे. गेलेल्या रुग्णांच्या घरच्यांना तुम्ही नंतर विचारता का, हा प्रश्न हॉस्पिसचालकांना विचारून पाहावा. मृत्यूनंतर त्या घरी कुणी फोन केला होता का, हे त्या घरच्यांना विचारावे.

भारतात काय तपासावे?

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. संस्थेची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून काम करते. केरळमध्ये १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले.

आपली अडचण कायद्याचीही होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कडक परवान्यांमुळे वैद्यकीय वापराचे मॉर्फीनही मिळेनासे झाले. औषधी अफू पिकवणाऱ्या देशातच कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने जाऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची एकच पद्धत आली. म्हणून हॉस्पिसमध्ये गेल्यावर दोन गोष्टी थेट विचारता येतात : संस्थेला ही मान्यता आहे का, आणि मॉर्फीनच्या गोळ्या आज साठ्यात आहेत का. मोफत सेवा देणाऱ्या ठिकाणी असे विचारणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते. पण चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

सॉन्डर्स १९८५ पर्यंत सेंट क्रिस्टोफर्सच्या वैद्यकीय संचालक होत्या. १९८७ मध्ये ब्रिटनने उपशामक वैद्यकाला स्वतंत्र शाखेची मान्यता दिली. १९८९ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. दयामरणाला त्यांचा विरोध शेवटपर्यंत कायम होता. त्यावर टीकाही झाली, कारण काही वेदना उत्तम उपचारांनीही शमत नाहीत. १९८० मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी लग्न केले. बोहुश-शिश्को यांची चित्रे हॉस्पिसच्या भिंतींवर होती. १९९५ मध्ये ते गेले.

नंतर सॉन्डर्स यांना स्तनाचा कर्करोग झाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, सेंट क्रिस्टोफर्समध्येच रुग्ण म्हणून त्यांचे निधन झाले.