खंड सरकतात हे सांगणारा हवामानतज्ज्ञ! कोण होते आल्फ्रेड वेगेनर?

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे एकमेकांत बसतात, हे नकाशा पाहणाऱ्या शाळकरी मुलालाही दिसते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी पुढचा प्रश्न विचारला : मग तिथले खडक आणि जीवाश्मही जुळतात का?

वेगेनर यांचा जन्म १८८० चा, बर्लिनचा. पीएचडी खगोलशास्त्रात, काम हवामानाचे. १९०६ मध्ये भाऊ कुर्ट यांच्यासोबत सलग ५२ तास बलूनमध्ये राहून त्यांनी विक्रम केला होता. थोडक्यात, भूगर्भशास्त्रात ते बाहेरचेच.

सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते, असे त्यांनी १९१२ मध्ये मांडले. १९१५ मध्ये पुस्तक आले. पुरावे दमदार होते. मेसोसॉरस या छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातच सापडतात. तो अटलांटिक पोहून जाणे अशक्य. ग्लोसोप्टेरिस वनस्पतीचे ठसे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतातही मिळतात. आपल्या चंद्रपूरचा कोळसा याच काळातला. 'गोंडवन' हे दक्षिणेकडच्या जोडखंडाचे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच आले आहे.

मग घोडे अडले कुठे?

खंड सरकवतो कोण, इथे. वेगेनर यांनी पृथ्वीच्या फिरण्याचे बल आणि चंद्र-सूर्याची ओढ अशी कारणे दिली. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले की ही बले फारच दुबळी आहेत. शिवाय खंड समुद्रतळाचा कठीण खडक फाडत जाणार कसे? हटवादी विरोधकांनी वेगेनर यांना डावलले ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण अर्धीच खरी. आक्षेप रास्त होता.

उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. समुद्राखालच्या पर्वतरांगांतून वितळलेला खडक वर येतो, नवा तळ बनतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीच्या प्लेट्स होतात. त्या खालच्या मऊसर थरावरून वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. खंड त्यांवर बसलेले असतात. तळ फाडायची गरजच नाही.

हे पाहायला वेगेनर नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या केंद्रातल्या सहकाऱ्यांसाठी ते कुत्र्यांच्या गाड्यांवरून शिधा घेऊन निघाले. कडाक्याच्या थंडीत बहुतेक सोबती वाटेतूनच परतले, शिधाही मागेच राहिला. केंद्रात सगळ्यांना पुरेल इतके अन्न नव्हते. १ नोव्हेंबरला, पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि ग्रीनलंडचे तरुण रासमुस विलुमसेन परतीला निघाले.

मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा मृतदेह सापडला. तो बर्फात नीट पुरून रासमुस यांनी खूण म्हणून तिथे स्की रोवल्या होत्या. रासमुस मात्र कधीच सापडले नाहीत.