गायनाचे गुरुजी तयार करणारे गुरुजी

१५ ऑगस्टसाठी पहिलीच्या मुलांचे गीत बसवायचे होते. गुरुजींनी ते काम माझ्यावर सोपवले, कारण मी आबांबरोबर भजनात टाळ धरतो आणि माझी चाल चुकत नाही. मी वर्गात गेलो आणि सगळे गाणे एका दमात म्हणून दाखवले. पोरं नुसती बघत बसली. मग मी मोठ्यानं ओरडलो. तेव्हा एक लहान मुलगी जी रडायला लागली ती शाळा सुटेपर्यंत गप्प झाली नाही. मला गाणे येते पण शिकवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांची माहिती सांगितली. तीच मी येथे लिहीत आहे.

विष्णू दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील कीर्तन करीत असत. लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाला आणि विष्णूचे डोळे अधू झाले. पुस्तक वाचता येईना, म्हणून शाळा सुटली. (दिवाळीत आमची आई फटाके लांब धरायला लावते ते बरोबरच आहे.) पण गळा गोड होता. म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकायला ठेवले.

मिरज काही फार लांब नाही. आपल्या पाटणहून एस.टी.ने कराडला जायचे आणि तिथून रेल्वेने मिरज. तिथे भोपळ्यापासून तंबोरे आणि सतारी तयार करतात.

त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू गातील ते कानाने ऐकून पाठ करायचे. वहीत लिहिलेले काही नसायचे. विष्णू दिगंबर असे अनेक वर्षे शिकले. पण तेव्हा गवयांना लोक मान देत नसत. गाणे ऐकायचे आणि गवयाला मात्र बाजूला ठेवायचे, असे चाले. हे त्यांच्या मनाला फार लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि गावोगाव गात ते उत्तरेकडे गेले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लाहोर आता पाकिस्तानात आहे. तिथे गाण्याची शाळा आपल्या शाळेसारखीच होती. वर्ग होते, ठरलेला अभ्यास होता, परीक्षा होती. पैसे राजाचे नव्हते, लोकांच्या देणग्यांचे आणि जलशांचे होते. सुरुवातीला मुलंच येईनात, तरी ते वर्गात तंबोरा घेऊन रोज गात बसत, असे सांगतात. मला वाटते मी दोन दिवसांत शाळा बंद केली असती.

स्वर कागदावर लिहिता यावेत म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. त्याला स्वरलिपी म्हणतात. नव्याने शिकणाऱ्यांसाठी त्यांनी संगीत बालप्रकाश नावाची पुस्तके लिहिली. ज्यांच्या डोळ्यांना वाचणे अवघड होते, त्यांनीच दुसऱ्यांसाठी पुस्तके केली, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली.

पण पुस्तक काढले तरी शिकवणार कोण? एकटा माणूस किती गावांना पुरणार? म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. उपदेशक म्हणजे गाणे शिकवणारा. ही मुलं तिथेच राहायची, तिथेच जेवायची आणि ९ वर्षे शिकायची. नुसते गायला नाही, तर शिकवायलासुद्धा. ९ वर्षे! मी तर ९ मिनिटांत ओरडलो होतो.

१९०८ साली त्यांनी मुंबईला शाखा काढली. तिथे मोठी इमारत बांधली, पण कर्ज झाले आणि ती इमारत हातची गेली. मग ते नाशिकला राहिले आणि रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला ते वारले.

तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय फक्त १० वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. वडिलांकडून सगळे शिकायचे राहून गेले होते. मग त्याला वडिलांच्याच शिष्यांनी शिकवले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ही त्यांची नावे. विनायकरावांनी १९३२ साली पुण्याला गांधर्व महाविद्यालय काढले. दत्तात्रेय पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून फार मोठे गायक झाले. आबांना त्यांचे गाणे माहीत आहे.

हे ऐकल्यावर मी पुन्हा पहिलीच्या वर्गात गेलो. एकच ओळ म्हटली, मग मुलांनी म्हटली. मग रांगेरांगेने. फळ्यावर आवाज जिथे वर जातो तिथे वर रेघ काढली आणि खाली येतो तिथे खाली. चार दिवसांत दोन कडवी झाली. ती रडलेली मुलगी अजून माझ्याजवळ बसत नाही, दाराजवळ बसते. पण काल पाणी प्यायला जाताना ती पहिली ओळ गुणगुणत होती आणि चाल बरोबर होती.