कार्लो आबार्थ

कार्लो आबार्थ (जन्मनाव: कार्ल आल्बर्ट आबार्थ, जन्म: १५ नोव्हेंबर १९०८, व्हिएन्ना, मृत्यू: २४ ऑक्टोबर १९७९, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियात जन्मलेले व पुढे इटलीचे नागरिक झालेले मोटारसायकल शर्यतपटू, वाहन-अभिकल्पक आणि उद्योजक होते. १९४९ मध्ये त्यांनी स्थापन केलेली ‘आबार्थ अँड कंपनी’ ही संस्था शर्यतीच्या मोटारींसाठी ओळखली जाते. परंतु तिचा आर्थिक पाया दीर्घकाळ सायलेन्सरच्या विक्रीवर उभा होता. मोटारीच्या सायलेन्सरकडे केवळ आवाज दाबणारे साधन म्हणून न पाहता, इंजिनाची शक्ती वाढवणारा आणि आवाजाला विशिष्ट पोत देणारा भाग म्हणून त्याची रचना करणाऱ्या आरंभीच्या यशस्वी उत्पादकांत त्यांची गणना होते. त्यांच्या वृश्चिक राशीवरून घेतलेले विंचवाचे चिन्ह आजही या नाममुद्रेवर वापरले जाते.

प्रारंभिक जीवन

आबार्थ यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या राजधानीत झाला. त्यांच्या घराण्याची मुळे दक्षिण तिरोल प्रदेशातील मेरानो या गावाशी जोडलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश इटलीकडे गेला आणि या घटनेने पुढे आबार्थ यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. तरुणपणी त्यांनी इटलीत सायकली व मोटारसायकलींचे सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी केली. नंतर ते व्हिएन्नाला परतले व मोटारसायकलींच्या दुरुस्तीचे आणि शर्यतींसाठी त्या सज्ज करण्याचे काम करू लागले.

१९२८ मध्ये साल्झबुर्ग येथे त्यांनी मोटारसायकल शर्यतीत पहिला विजय मिळवला. पुढल्याच वर्षी स्वतःच्या नावाची मोटारसायकल तयार केली. १९३० मध्ये लिंझ येथे झालेल्या अपघातात ते गंभीर जखमी झाले. त्यानंतर त्यांनी जोडगाडी लावलेल्या मोटारसायकलींकडे लक्ष वळवले आणि जोडगाडीची स्वतंत्र रचना विकसित केली.

ओरिएंट एक्सप्रेसशी शर्यत

१९३४ मध्ये आबार्थ यांनी व्हिएन्ना ते बेल्जियममधील ओस्टेंड या १,३०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गावर, जोडगाडीच्या मोटारसायकलीवरून, ओरिएंट एक्सप्रेस या प्रसिद्ध आगगाडीशी शर्यत लावली. पहिल्या प्रयत्नात त्यांना अपयश आले. मात्र लगेच केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात ते आगगाडीच्या आधी पोहोचले. तंत्राची चाचणी आणि प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी एकाच कृतीतून साधण्याची त्यांची पद्धत येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. पुढे मोटारींच्या विक्रमांच्या बाबतीतही त्यांनी हीच पद्धत वापरली.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियात झालेल्या दुसऱ्या मोठ्या अपघाताने त्यांची शर्यतपटू म्हणून असलेली कारकीर्द संपुष्टात आली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनी त्याच देशात काढला.

इटलीत स्थलांतर आणि सिसितालिया

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये आबार्थ मेरानो येथे स्थायिक झाले. कार्ल या नावाऐवजी ते कार्लो हे इटालियन रूप वापरू लागले. फर्डिनांड पोर्शे यांच्या कुटुंबाशी असलेल्या ओळखीमुळे, अभियंता रुडॉल्फ ह्रुस्का यांच्यासमवेत त्यांनी पोर्शे यांच्या अभिकल्प संस्थेचे इटलीतील प्रतिनिधित्व केले. त्या वेळी फर्डिनांड पोर्शे फ्रान्समध्ये कैदेत होते.

तुरीन येथील उद्योगपती पिएरो दुसियो यांच्या सिसितालिया कंपनीने पोर्शे संस्थेकडून ‘टाइप ३६०’ ही ग्रांप्री मोटार तयार करून घेण्याचे ठरवले. बारा सिलिंडरांचे १.५ लिटर इंजिन आणि चारही चाकांना शक्ती पुरवण्याची सोय असलेली ही मोटार काळाच्या पुढची होती. पण तिचा खर्च कंपनीला झेपला नाही. सिसितालियाच्या शर्यत विभागाची सूत्रे आबार्थ यांच्याकडे असतानाच ही कंपनी आर्थिक संकटात सापडली व दुसियो अर्जेंटिनाला निघून गेले. कंपनीकडून आबार्थ यांच्या वाट्याला काही मोटारी व सुटे भाग आले.

आबार्थ अँड कंपनीची स्थापना

३१ मार्च १९४९ रोजी आबार्थ यांनी बोलोन्या येथे स्वतःची कंपनी स्थापन केली. शर्यतपटू ग्विदो स्कालियारिनी यांच्या कुटुंबाचे भांडवल या उद्योगात होते. थोड्याच काळात कंपनीचे काम तुरीन शहरातून चालू लागले. १० एप्रिल १९५० रोजी विख्यात शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी यांनी सिसिलीतील पालेर्मो–मोंते पेलेग्रिनो या घाटशर्यतीत आबार्थची मोटार चालवून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. नुव्होलारी यांची ही अखेरची शर्यत ठरली.

शर्यतींतून नाव होत असले, तरी त्यातून कारखान्याचा खर्च निघत नव्हता. सिसितालियाचा ऱ्हास आबार्थ यांनी जवळून पाहिला होता. त्यामुळे सामान्य मोटारमालकाला परवडतील असे सुटे भाग विकून शर्यतींसाठी पैसा उभा करण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. फियाटच्या ‘टोपोलिनो’ या लहान मोटारीसाठी गिअर बदलण्याचा सुधारित दांडा आणि सायलेन्सर ही त्यांची सुरुवातीची उत्पादने होती.

सायलेन्सरची रचना आणि ध्वनी

चार फटक्यांच्या इंजिनात जळालेले वायू प्रत्येक सिलिंडरमधून एकसलग न वाहता धक्क्याधक्क्याने बाहेर पडतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे १३३ धक्के नळीत शिरतात. हे धक्के म्हणजेच इंजिनाच्या आवाजाचा मूळ स्वर होय. फेरे वाढले की स्वर चढतो. सिलिंडरांची संख्या, नळ्यांची लांबी, त्या एकत्र येण्याची जागा आणि सायलेन्सरच्या आतील रचना यांनुसार मूळ स्वराबरोबरच्या उपस्वरांचे प्रमाण बदलते. त्यामुळेच दोन मोटारींचा आवाज एकाच स्वरात असूनही कानाला वेगळा वाटतो.

त्या काळातील सर्वसामान्य सायलेन्सरमध्ये पत्र्याच्या आडभिंतींनी कप्पे केलेले असत. वायूंना त्यांतून वळणे घेत जावे लागे. आवाज कमी होई. पण वायूंना अडथळा होऊन मागे दाब निर्माण होई आणि तो दाब ओलांडण्यात इंजिनाची काही शक्ती खर्ची पडे. आबार्थ यांच्या रचनेत वायूंना शक्यतो सरळ वाट दिलेली होती. छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचतंतूंसारखा ध्वनिशोषक थर आणि त्याबाहेर पत्र्याचे आवरण, असे या प्रकारच्या सायलेन्सरचे स्वरूप असते. वायू नळीतून सरळ निघून जातो. ध्वनीच्या लहरी मात्र छिद्रांतून बाजूच्या थरात शिरतात. हा थर उच्च वारंवारतेचे कर्कश स्वर अधिक प्रमाणात शोषून घेतो, तर खालचे स्वर बऱ्याच अंशी टिकून राहतात. परिणामी आवाज भरदार व खोल येतो.

केवळ सायलेन्सर बदलल्याने मिळणारी शक्तिवृद्धी मर्यादितच असे. लहान इंजिनाच्या मोटारीत चालकाला अधिक जाणवे तो आवाजातील फरक. आबार्थ यांनी हे ओळखले आणि बाह्य रूपाकडेही तितकेच लक्ष दिले. काळा रंग दिलेला नळकांड्याचा भाग आणि मागे डोकावणारी क्रोमची चकचकीत टोके ही या सायलेन्सरची ओळख बनली. फियाटच्या स्वस्त मोटारींबरोबरच लान्सिया, आल्फा रोमिओ, पोर्शे आणि फेरारी यांसारख्या महागड्या मोटारींसाठीही आबार्थचे सायलेन्सर तयार होऊ लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांचे उत्पादन लाखांच्या घरात पोहोचले होते व त्यातील मोठा भाग निर्यात होत असे.

फियाटशी संबंध

१९५५ मध्ये फियाटने ६३३ घनसेंटिमीटर इंजिनाची ‘६००’ ही मोटार बाजारात आणली. आबार्थ यांनी तिच्या इंजिनाची क्षमता सुमारे ७५० घनसेंटिमीटरपर्यंत वाढवली आणि मूळ सुमारे २२ अश्वशक्ती जवळपास दुप्पट केली. संपूर्ण मोटारीबरोबरच बदलाचे सर्व भाग लाकडी खोक्यात घालूनही विकले जात. ज्यांना नवी मोटार परवडत नसे, ते आपल्या जुन्याच मोटारीवर हे भाग गावातील मेकॅनिककडून बसवून घेत.

१९५६ मध्ये मोंझा येथील शर्यतपथावर ७५० श्रेणीतील सुवाही मोटारीने २४ तासांत ३,७०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून आपल्या गटात विक्रम केला. १९५८ मध्ये त्याच पथावर ‘फियाट ५००’ची आबार्थ आवृत्ती सलग सात दिवस-रात्र धावली. तिने १८,१८६ किलोमीटर अंतर ताशी सरासरी १०८ किलोमीटर वेगाने पूर्ण केले. मूळ मोटारीला आरंभी बाजारात थंड प्रतिसाद मिळाला होता. या विक्रमामुळे तिच्या टिकाऊपणाची खात्री पटण्यास मदत झाली. त्यानंतर फियाटने आबार्थ यांच्याशी करार केला. त्यानुसार फियाटच्या भागांवर आधारित मोटारींनी मिळवलेल्या विजयांसाठी आणि विक्रमांसाठी कंपनीला रोख रक्कम मिळू लागली.

१९६० च्या दशकात ‘८५० टीसी’, ‘१००० टीसी’, ‘५९५’ आणि ‘६९५’ या मोटारी लोकप्रिय झाल्या. ५९५ मध्ये इंजिन ५९३.७ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती २७ अश्वशक्ती होती. मूळ मोटारीची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती होती. शर्यतीच्या मोटारींत मागील इंजिनाचे झाकण उघडे ठेवून अडकवलेले असे. इंजिन थंड राहण्यासाठी केलेली ही सोय पुढे या मोटारींची खूण ठरली. याच काळात पोर्शे व फ्रेंच कंपनी सिम्का यांच्या यंत्रणेवर आधारलेल्या मोटारीही आबार्थ यांनी तयार केल्या.

ऑक्टोबर १९६५ मध्ये कंपनीने शंभराव्या विक्रमाची नोंद केली. एकआसनी मोटारीच्या अरुंद जागेत बसता यावे म्हणून वयाच्या ५७ व्या वर्षी आबार्थ यांनी आहारात मुख्यतः सफरचंदे ठेवून सुमारे ३० किलो वजन कमी केले आणि मोटार स्वतः चालवली.

कंपनीची विक्री आणि अखेरची वर्षे

दशकाच्या उत्तरार्धात शर्यतीच्या मोटारी अधिकाधिक गुंतागुंतीच्या व खर्चिक झाल्या. आबार्थ यांनी मोठ्या इंजिनांच्या, केवळ शर्यतींसाठीच्या मोटारी विकसित करण्यास सुरुवात केली. या मोटारींचा खर्च सुटे भाग विकून भरून निघणारा नव्हता. फियाटकडून मिळणारे उत्पन्न विजयांवर अवलंबून होते आणि विजयांसाठी आणखी खर्च आवश्यक होता. सिसितालियात दिसलेले संकट वेगळ्या रूपात त्यांच्याच कारखान्यापुढे उभे राहिले. १९७१ मध्ये त्यांनी कंपनी फियाटला विकली. शर्यत विभागातील मोटारी व साहित्य तुरीनचेच एन्झो ओसेला यांच्याकडे गेले.

आबार्थ पुढे ऑस्ट्रियाला परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने फियाटने उतरवलेल्या ‘१३१ आबार्थ’ मोटारीने १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षे उत्पादकांची जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. यांतील पहिली दोन विजेतेपदे त्यांच्या हयातीत मिळाली.

भारताशी संबंध

आबार्थ यांच्या उद्योगाचा आधार असलेल्या फियाटच्या लहान मोटारी महाराष्ट्रालाही परिचित आहेत. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्याने ‘११००’ या मोटारीचे उत्पादन केले. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने, विशेषतः मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून, प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये आबार्थ नाममुद्रा भारतात अधिकृतपणे आली. १४५ अश्वशक्तीची ‘आबार्थ पुंतो’ ही मोटार पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होत असे.

भारतात रस्त्यावरील वाहनाचा सायलेन्सर बदलण्यावर कायद्याची मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. ध्वनिमर्यादेचे उल्लंघन हा मोटार वाहन कायद्यान्वये दंडनीय अपराध आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी मोटारसायकलींचे जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली नष्ट केले आहेत. आतील ध्वनिशोषक भाग काढून टाकल्याने होणारा गोंगाट आणि आबार्थ यांच्या पद्धतीची रचना यांत तांत्रिक फरक आहे: पहिल्यात सर्वच स्वर मोकळे सुटतात, तर दुसऱ्यात त्यांची निवड केलेली असते.

वारसा

फियाटने २००७ मध्ये आबार्थ नाममुद्रेचे पुनरुज्जीवन केले. नव्या ५९५ व ६९५ मोटारींसाठी दिल्या गेलेल्या ‘रेकॉर्ड मोंझा’ या सायलेन्सरचे नाव जुन्या विक्रमांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. २०२३ मध्ये विक्रीस आलेल्या ‘५००ई’ या विजेवरील मोटारीत ज्वलन इंजिन नसल्याने सायलेन्सरच नाही. तरीही तिला बाहेर ध्वनिवर्धक बसवून पेट्रोलवरील आबार्थचा आवाज कृत्रिमरीत्या निर्माण करण्याची सोय देण्यात आली. वायूंना सरळ वाट देण्यासाठी केलेल्या रचनेचा जो परिणाम होता, तो आवाजच आता या नाममुद्रेची स्वतंत्र ओळख म्हणून शिल्लक राहिला आहे.