सॅम हिगिनबॉटम

मुलगा चार इयत्ता शिकला कीं त्यानें नांगराला हात लावूं नये, अशी समजूत आमच्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणीं दिसते. म्हणून, पदवीधर असतांही शेती शिकण्यासाठीं पुन्हां विद्यार्थी झालेल्या एका प्रभुसेवकाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

हिगिनबॉटमसाहेबांचा जन्म १८७४ सालीं मँचेस्टर येथें झाला. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें शिकून ते १९०३ सालीं प्रेस्बिटेरियन मिशनतर्फें अलाहाबादेस, म्हणजे आतांच्या प्रयागराजास, आले. तेथील ख्रिस्ती कॉलेजांत त्यांजकडे अर्थशास्त्र शिकविण्याचें काम आलें. विद्यार्थ्यांस घेऊन ते खेडीं पाहूं लागले, तेव्हां दारिद्र्याचें मूळ शेताच्या तुटपुंज्या उत्पन्नांत आहे असें त्यांस दिसलें. उपाय सांगण्याजोगें ज्ञान मात्र आपणांजवळ नाहीं, हेंही दिसलें. (इतकें कळूनही उपदेश चालूच ठेवणारे आम्हीं पाहिले आहेत.) वय पस्तिशीचें, घरीं बायकामुलें, तरी १९०९ सालीं ते अमेरिकेस परतले, ओहायो स्टेट विद्यापीठांत शेतीची पदवी मिळविली, आणि मंडळ्यांपुढें बोलून शेतीशाळेकरितां पैसाही जमविला.

यमुनेपलीकडे नैनी येथें शाळेस पावणेतीनशें एकर जमीन मिळाली. ती घळींनीं फाटलेली व कांस गवतानें भरलेली होती. साहेबांनीं बांध घालून पावसाचें पाणी अडविलें. भर उन्हाळ्यांत लोखंडी नांगरानें खोल नांगरट करवून गवताच्या मुळ्या उन्हांत वाळविल्या. हिरवा चारा खड्ड्यांत दाबून, वारा न लागेल असा झांकून, तो टंचाईच्या महिन्यांसाठीं राखण्याची रीत त्यांनीं दाखविली. विद्यार्थी कोणत्याही जातीचा वा घराण्याचा असो, औत त्यानें स्वतः धरावें असा तेथें नियम होता. हातांनीं काम करणें म्हणजे हलकेपणा, असें मानणाऱ्या मुलांस तो प्रथम फार जड गेला.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे महाराज यांनीं १९१६ सालीं आपल्या संस्थानाचें शेतीखातें त्यांजकडे सोंपविलें. तेंही काम त्यांनीं कांहीं वर्षें केलें. नैनीच्या कुष्ठरोग्यांची सेवाही चालूच होती.

१९२१ सालीं मेसन वॉ नांवाचे यंत्रज्ञ त्यांस येऊन मिळाले. आमच्या लहान बैलांस परदेशी नांगर ओढवत नव्हते. वॉसाहेबांनीं त्यांस ओढवतील असे हलके लोखंडी नांगर बनविले. १९४२ सालीं याच शाळेंत शेतीच्या यंत्रविद्येचें पदवी-शिक्षण सुरू झालें. हिंदुस्थानांत तें पहिलेंच. हिगिनबॉटमसाहेब १९४४ सालीं निवृत्त होऊन अमेरिकेस गेले व १९५८ सालीं वारले. नैनीच्या शाळेचें पुढें विद्यापीठ झालें, आणि आज तें त्यांच्याच नांवानें चालतें.