सौंदर्य सर्वांसाठी मागणारा कलावंत

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड हे यंत्रयुगाचे माहेरघर. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांतून मालाचे ढीग बाहेर पडत होते; मात्र तो घडविणाऱ्याच्या हातातले कसब आणि कामातला आनंद, दोन्ही लोप पावत चालले होते. या स्थितीविरुद्ध आधी कलेच्या आणि पुढे राजकारणाच्या मार्गाने आयुष्यभर झगडलेले कलावंत म्हणजे विल्यम मॉरिस.

२४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो येथे त्यांचा जन्म झाला. वडील दलालीच्या व्यवसायात होते. डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीतील त्यांच्या समभागांमुळे घरात सुबत्ता आली. १८४७ मध्ये वडील वारले, पण पोटापाण्याची चिंता मॉरिस यांना पडली नाही. धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने १८५३ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे एडवर्ड बर्न-जोन्स यांच्याशी जडलेली मैत्री आणि जॉन रस्किन यांचे लेखन यांमुळे त्यांनी धर्मपीठाऐवजी कलेची वाट धरली.

१८५९ मध्ये त्यांनी तबेल्यात काम करणाऱ्या एका सामान्य माणसाची मुलगी जेन बर्डन हिच्याशी विवाह केला. स्नेही फिलिप वेब यांनी या दांपत्यासाठी ‘रेड हाऊस’ बांधले. या घराला शोभेल असे सामान बाजारात मिळेना, तेव्हा मित्रमंडळींनीच ते घडविले. त्यातूनच १८६१ मध्ये रंगीत काचचित्रे, फर्निचर, भित्तिकागद आणि कापड तयार करणारी त्यांची व्यवसायसंस्था उभी राहिली. याच काळात ‘द अर्थली पॅरडाइज’ या दीर्घ काव्याने त्यांना कवी म्हणून कीर्ती मिळवून दिली.

जे काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचे ते आधी स्वतःला आले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. रासायनिक रंगांचा भडकपणा त्यांना खपत नसे. म्हणून लीक गावातील थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत ते नीळ, मंजिष्ठ अशा वनस्पतिजन्य रंगांची प्रक्रिया शिकले. १८८१ मध्ये वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे त्यांचा कारखाना सुरू झाला. बागेतल्या स्ट्रॉबेरी पळविणाऱ्या पक्ष्यांवरून सुचलेला १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हा नमुना तेथेच साकारला. त्यासाठी सारे कापड आधी निळीत बुडवीत, नक्षीपुरता निळा रंग उडवीत आणि मग त्या जागी लाल व पिवळा रंग भरीत.

परंतु इतक्या मेहनतीचे कापड स्वस्त कसे असणार? सर्वांसाठी कला हवी म्हणणाऱ्या मॉरिस यांचे गिऱ्हाईक होते ते धनिकच. हे शल्य त्यांना सतत बोचत राहिले. १८७९ मधील बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात तर ब्रिटिश सत्ता आणि व्यापार यांमुळे भारतीय हस्तकलांचा होणारा ऱ्हासही त्यांनी परखडपणे मांडला. केवळ नमुने बदलून भागणार नाही, समाजरचनाच बदलावी लागेल, या निष्कर्षाप्रत ते आले.

जानेवारी १८८३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते डेमोक्रॅटिक फेडरेशनमध्ये दाखल झाले. मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ त्यांनी फ्रेंच अनुवादातून वाचला. १८८४ च्या अखेरीस सोशॅलिस्ट लीग स्थापन झाली. तिच्या ‘कॉमनवील’ या मुखपत्राचे संपादन करताना पदरचे पैसेही त्यांनी घातले. नामवंत कवी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून भाषणे देऊ लागला. नोव्हेंबर १८८७ मध्ये ट्रॅफल्गर चौकातील निदर्शकांवर पोलीस तुटून पडले, तेव्हा मॉरिस त्या मोर्चात होते. पुढच्याच आठवड्यात तेथे जखमी होऊन मरण पावलेल्या आल्फ्रेड लिनेल यांच्यासाठी त्यांनी शोकगीत लिहिले. त्याच्या विक्रीचे उत्पन्न लिनेल यांच्या मुलांसाठी होते.

स्वतः कारखानदार असून समाजवाद कसा सांगता, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. एका मालकाने नफा वाटून टाकल्याने व्यवस्था बदलत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वांना पटली असे नाही. १८९० मधील ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ या कादंबरीत त्यांनी पैशाविना चालणारा, श्रमातच आनंद मानणारा समाज रंगविला.

१८९१ मध्ये त्यांनी केल्मस्कॉट प्रेस हा छापखाना काढला. त्यासाठी अक्षरांचे खिळेही स्वतः रेखाटले. बर्न-जोन्स यांच्या ८७ चित्रांनी सजलेला चॉसरचा काव्यग्रंथ १८९६ मध्ये बाहेर पडला. कागदावरच्या त्याच्या प्रती अवघ्या ४२५. म्हणजे येथेही सौंदर्य मोजक्यांच्याच हाती पडले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला लंडनमधील हॅमरस्मिथ येथे मॉरिस यांचे निधन झाले. केल्मस्कॉट गावातील दफनभूमीपर्यंत त्यांची शवपेटी पानाफुलांनी सजविलेल्या साध्या शेतगाडीतून नेण्यात आली.

मॉरिस यांची नक्षी आज पिशव्यांवर, कपांवर आणि उशांच्या अभ्य्रांवर सहज दिसते. ती सामान्यांच्या घरी पोचली, पण यंत्रांच्या मार्फत. ते घडविणाऱ्या हातांना आपल्या कामात आनंद मिळतो का, हा मॉरिस यांचा मूळ प्रश्न मात्र तसाच उरला आहे.